मांडीवरच्या गिटारवर ‘मायनर स्विंग’

गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांची ही धून १९३७ साली ध्वनिमुद्रित झाली. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने हे वादन उभं केलं!

हीच धून लॅप स्टीलवरही वाजवता येते. लॅप स्टील म्हणजे आपली ‘हवाईयन गिटार’. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी तिचा लांबणारा सूर हिंदी गाण्यांतून घराघरांत नेला. घरी बसून शिकायचं तर साधी गिटार आडवी घ्यावी, तारा उंच उचलाव्यात आणि पोलादी दांडी फिरवावी.

‘सी-सिक्स्थ’ मेळात तारा खर्जाकडून अशा (सा म्हणजे ‘सी’): सा ग प ध सा ग. शेवटच्या तीन तारांत, ध-सा-ग, या धुनेला लागणारा ‘ए मायनर’ आयताच मिळतो. दांडी बाराव्या पडद्यावर ठेवा. पाचव्यावर आणली की ‘डी मायनर’. ‘ई-सेव्हन’ मात्र अडतो. चौथ्या पडद्यावर खर्जाच्या तीन तारांत ‘ई’ सापडतो, पण त्यातला सातवा सूर नाही. तो चालीतूनच सुचवावा.

तारांचा संच याच मेळाचा घ्यावा, नाहीतर तारा ताणून तुटू शकतात. आणि मींडेचा मोह आवरावा. ही धून टोकदार, सुट्या सुरांची आहे.