सांबार खुशीत, तुळस गारठलेली

डिसेंबरातल्या पहाटे नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये, भाजीच्या बाजारात शिरलात की आधी वास येतो, मग ढीग दिसतात. सांबाराचे ढीग! (मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, कोथिंबिरीला आम्ही विदर्भात सांबार म्हणतो.) माणसं मफलर गुंडाळून शेकोटीपाशी हात चोळत असतात, आणि सांबार मात्र कसा टवटवीत! एक जुडी उचलून बघा. पानांवरचं दव थेट मनगटावर ओघळतं.

आता घरी येऊन अंगणातल्या तुळशीकडे बघा. पानं खाली झुकलेली, कडा काळपट पडलेल्या. फांदीला नुसता हात लागला तरी चार पानं गळतात. गाव एकच, थंडीही एकच. मग एकाला ती मानवते आणि दुसरीला का सोसत नाही?

आपली थंडी काही साधीसुधी नाही बरं! समुद्र खूप दूर, हवा कोरडी, त्यामुळे नागपुरात पारा दोन्हीकडे पळतो. २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर चढला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. अशा गावात झाडांनी राहायचं म्हणजे कसोटीच.

सांबाराचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या आसपासचं आणि पश्चिम आशियातलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून थंडीत वाढायची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. माणसाशी त्याची ओळखही फार जुनी. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली सापडली, तिच्यात धनेसुद्धा होते! सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे! तुळस मात्र उबदार मुलखातली. तिच्या पूर्वजांवर कडाक्याच्या थंडीशी झुंजायची पाळी फारशी आलीच नाही.

पण पानाच्या आत नेमकं काय बिघडतं? ते समजायला स्वयंपाकघरात चला. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि शेजारचं जवसाचं तेल मात्र खुशाल वाहतं. खोबरेलातल्या मेदाचे रेणू बहुतेक सरळ असतात, ते एकमेकांना चिकटून घट्ट रचले जातात. जवसातले रेणू वाकडे असतात, त्यांची अशी रचना जमत नाही. झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचाच एक अतिशय पातळ पडदा असतो. गारवा वाढू लागला की थंडी सोसणारी झाडं या पडद्यात वाकड्या रेणूंचं प्रमाण वाढवतात आणि पडदा लवचीक ठेवतात. तुळशीला हे पुरेसं जमत नाही. तिचा पडदा ताठरतो, मग गळू लागतो. पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले रस एकमेकांत मिसळतात आणि पान काळं पडतं. म्हणजे बर्फ व्हायची गरजच नाही, नुसता गारठा पुरतो!

हे घरीच बघता येईल. तुळशीची सख्खी नातेवाईक म्हणजे सब्जा. सब्जाची डहाळी आणि सांबाराच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवसांत सब्जाच्या पानांवर काळे डाग दिसतील. सांबार तेव्हाही भाजीवर पेरण्याजोगा असेल.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. निरभ्र रात्री झाडाला फक्त हवाच गारठवत नाही. दिवसा घेतलेली उष्णता पान रात्रभर वर, मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतं. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. ढग नसले की ती गेलीच, आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. लंडनच्या विल्यम वेल्स नावाच्या डॉक्टरांनी यावर १८१४ साली पुस्तक लिहिलं. रात्री बागेत ते लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवायचे, एक फळीच्या वर, एक फळीच्या खाली, आणि सकाळी दोन्ही तोलायचे. उघड्यावरचा पुंजका जास्त गार होई, म्हणून त्यावर जास्त दव साचून तो जास्त जड झालेला असे. मधे नुसती एक फळी, आणि तेवढ्याने एवढा फरक!

ही फळी आपल्याकडेही आहे. सज्जा, पत्र्याचं छप्पर, आंब्याचं झाड, काहीही. तुळशीची किंवा पानओव्याची कुंडी संध्याकाळी त्याखाली सरकवा. कुंडी जड असेल तर चार काड्या रोवून वरून जुनी चादर टाका, पण ती पानांना टेकू देऊ नका. सकाळी ऊन आलं की चादर काढायची, हे विसरायचं नाही. पाणी सकाळी, आणि तेही बेताने. गार मातीत मुळं पाणी हळू ओढतात, म्हणून माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. आपल्याला वाटतं, बिचारी तहानली आहे! मग आपण आणखी पाणी ओततो आणि मुळं कुजतात.

मंजिऱ्या येताच खुडत जा, म्हणजे झाडाची ताकद बिया करण्यात जात नाही. दोन-चार मात्र वाळू द्या. कोरड्या बीला थंडीची फिकीर नसते. शिवाय दिवाळीच्या आधीच, हवा उबदार असताना, बोटभर कोवळा शेंडा कापून पाण्याच्या पेल्यात ठेवा. त्याला पांढरी मुळं फुटतात. ती बघायला काचेचाच पेला घ्या!

लंडनमधल्या मराठी घरांत तुळस हिवाळाभर खिडकीच्या आत असते. तिथे ऊब देता येते, पण उजेडाची पंचाईत. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम आठ तासांचा, आपला जवळजवळ अकरा तासांचा. म्हणून काही जण कुंडीवर दिवा लावतात.

आणि एवढं करूनही तुळस काटकीसारखी झाली, तर लगेच उपटू नका. फेब्रुवारीत बुंध्याजवळची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. वरच्या वाळक्या काड्या छाटा, कुंडी उन्हात ठेवा आणि थोडं थोडं पाणी द्या. मार्चचं ऊन तापू लागलं की तिला नवी पालवी फुटेल, आणि तेव्हा उकाड्याने हैराण झालेला सांबार भराभर दांडा काढून फुलांवर येऊ लागेल.