वेड, पिसें आणि संगत

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात एखाद्या मुलावर रागावले म्हणजे ‘अरे वेड्या’ म्हणत. त्या हाकेत रागापेक्षा माया अधिक असे, हे पेडणे-डिचोलीकडच्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. मराठीत ‘वेड’ हा शब्द फार ऐसपैस आहे. भक्ताला देवाचे वेड लागते, तरुणाला नाटकाचे. कोकणीतला ‘पिसो’ आणि जुन्या मराठीतले ‘पिसें’ ही त्याचीच भावंडे. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू वागण्याबोलण्यात लोकांना वेडेच वाटत. तरी गावाने त्यांना घरोघर जेवू घातले आणि महानुभावांनी त्यांचे चरित्र भक्तीने लिहून ठेवले. मी आयुष्यभर मराठी शिकविली. वैद्यकशास्त्राचा मला अधिकार नाही. तथापि हाच शब्द घराच्या उंबऱ्याच्या आत आला की त्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या आजोळी, डिचोली महालातील एका गावी, माझा एक मामेभाऊ होता. अक्षर मोत्यासारखे. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो गप्प राहू लागला. पुढे, खनिजाचे ट्रक भोंगे वाजवीत जातात ते आपल्याविषयीचे निरोप देत जातात, असे त्याला खात्रीने वाटू लागले. त्या ट्रकांचे क्रमांक तो वहीत उतरवून ठेवी. घरच्यांनी देवाला कौल लावला, घाडी आणला, आणि दोन वर्षांनी त्याला गोव्याबाहेरच्या एका इस्पितळात नेले. गोळ्यांनी गुण आला. गुण आला म्हणून गोळ्या बंद झाल्या. त्या किती काळ घ्यायच्या असतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. माझ्या लग्नाच्या दिवशी त्याला मागीलदारच्या खोलीत बसविले होते. ते मला ठाऊक होते, आणि मी काही बोललो नाही.

त्याच्या आजाराला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली योजिलेल्या ‘स्किझोफ्रेनिया’ या संज्ञेचा हा प्रतिशब्द. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण रोग्याच्या आईसमोर उच्चारून पाहावा! शिवाय त्यामुळे एका देहात दोन माणसे राहतात असा गैरसमज पसरला, तो चित्रपटांनी पक्का केला. वस्तुतः या आजारात वास्तवाचा धागा सुटतो. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात, निराधार समजुती अढळ होतात, विचारांची साखळी तुटते आणि पुष्कळांच्या बाबतीत इच्छाशक्तीच ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो. जपानने तर २००२ साली आपल्या भाषेतले त्याचे जुने नावच बदलले, कारण डॉक्टर ते नाव रोग्याला सांगायला धजत नसत. शब्दांशी खेळणारी आम्ही मंडळी एवढेही करू शकलो नाही.

गोव्याला या विषयाचा वारसा मात्र जुना आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये असे प्रतिपादिले की, संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या अंगात नसते. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते. पणजीत त्यांचा पुतळा आहे. तो रोज पाहणाऱ्यांनीही हा विचार क्वचितच ध्यानी घेतला असेल. उपचाराच्या केंद्रस्थानी कोण, या प्रश्नाचे ते एक आरंभीचे उत्तर होते.

त्या प्रश्नाकडे आपल्या काळात संशोधनाच्या वाटेने गेलेले नाव म्हणजे डॉ. विक्रम पटेल. जन्म मुंबईचा, १९६४ चा. वैद्यकीचे शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे ऑक्सफर्ड आणि लंडन. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते झिंबाब्वेत हरारे येथे काम करीत होते. तेथील शोना भाषेत मनाच्या व्याधीला ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘अतिविचार’. आपल्याकडची बाई डॉक्टरला ‘विचार फार येतात हो’ म्हणते, तेच हे. पटेल यांनी तो शब्द गावठी म्हणून बाजूला सारला नाही. लोकांच्या स्वतःच्या शब्दांवरून त्यांनी शोना भाषेत प्रश्नावली तयार केली. एका भाषाशिक्षकाला यासारखी दुसरी आनंदाची गोष्ट नाही.

गोव्यात येऊन त्यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह ‘संगत’ ही संस्था स्थापिली. नाव कोकणीही आहे आणि मराठीही. मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर स्थानिक सामान्य माणसांना शिकवून त्यांच्याकडून काही काम होईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. नैराश्य आणि चिंता यांबाबत गोव्यातल्या आरोग्यकेंद्रांत त्याची कसून परीक्षा झाली आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. परंतु नैराश्य वेगळे आणि ज्याला आपण सरळ ‘वेड’ म्हणतो ते वेगळे. तेथे हे जमेल काय?

या प्रश्नावर अधिक काळ झुंजले ते डॉ. सुदिप्तो चटर्जी. नर्मदेकाठच्या बडवानी भागात आशाग्राम या संस्थेत त्यांनी छिन्नमनस्कतेच्या जुन्या रोग्यांसाठी गावपातळीवर पुनर्वसनाचे काम केले. २०७ रोग्यांच्या त्या अभ्यासात १२७ जणांना घरापर्यंत सेवा मिळाली, ८० जणांना केवळ बाह्यरुग्ण उपचार. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. मग मोठा प्रयोग झाला तो तीन ठिकाणी : तामिळनाडू, गोवा आणि आपला सातारा. २००९ व २०१० या दोन वर्षांत २८२ रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. ९५ जणांना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. १८७ जणांच्या घरी, त्या उपचारांच्या जोडीला, प्रशिक्षित आरोग्यकार्यकर्ता वर्षभर जात राहिला. तो औषध का घ्यायचे हे समजावी, घरच्यांशी बोले, अंघोळ-जेवणापासून कामधंद्यापर्यंत रोग्याला जे स्वतःचे ध्येय वाटे त्याची आखणी करी, आणि शेजाऱ्यांच्या टोमण्यांना तोंड कसे द्यावे याचाही विचार करी. ‘तुला काय हवे आहे’ हा प्रश्न माझ्या मामेभावाला कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ते टाळ्या घ्यावेत असे नव्हते, आणि संशोधकांनी ते तसे रंगविलेही नाहीत, हे मला विशेष वाटते. घरभेटींच्या गटात दैनंदिन जीवनातील अक्षमता कमी झाली, परंतु बेताचीच. ज्यांची लक्षणे २० टक्क्यांहून अधिक उतरली, अशांचे प्रमाण तर दोन्ही गटांत सारखेच, ५१ टक्के. ठळक फरक दिसला तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. लेखकांनी त्यावरून असे म्हटले की, जेथे सेवा मुळातच विरळ आहेत तेथे, म्हणजे खेड्यांत, या पद्धतीने आरंभ करणे सर्वांत उचित.

याच रोग्यांच्या मुलाखतींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. लोकांनी प्रत्यक्ष भेदभावाने वागविल्याचे ४२ टक्क्यांनी सांगितले; पण आपण इतरांपासून तुटलो आहोत, ही आतली जाणीव ७९ टक्क्यांना होती. म्हणजे जग दार लावण्याआधीच पुष्कळांनी ते स्वतः लावून घेतलेले असते. मात्र मागीलदारच्या खोलीची कडी बाहेरून असते, हेही मला ठाऊक आहे. मामेभाऊ १९९१ साली वारला. त्याची वही माझ्याकडे आहे. ट्रकांच्या क्रमांकांमध्ये एका पानावर माझ्या लग्नाची तारीख आहे आणि पुढे एकच शब्द : ‘जेवलो’.

आपल्याकडे एकत्र कुटुंब असते, म्हणून हा आजार आपल्या देशात लवकर बरा होतो, असे व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकू येते. त्याला आधार आहे तो जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत आरंभिलेल्या अभ्यासाचा. त्यात भारतातले केंद्र आग्रा होते. पण २००८ साली कोहेन, पटेल, चेन्नईच्या डॉ. आर. तारा आणि गुरेजे यांनी नंतरचे पुरावे तपासून, हे गृहीतक पुन्हा पारखून घ्यावे लागेल, असे साधार दाखविले. कुटुंब आधार देते आणि कोंडूनही ठेवते; माझ्या आजोळच्या घरात दोन्ही एकाच वेळी चालले होते.

कायदाही बदलला आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होते. १९८७ च्या कायद्याने तो रद्द केला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने १९८७ चाही. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या या कायद्यान्वये, आजारात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे सज्ञान माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीने कोणी बोलावे, हेही तो ठरवू शकतो. साखळदंडाने बांधण्याला मनाई आहे.

व्याख्यानानंतर कोणी तरी हमखास विचारील की, गोळ्या किती दिवस घ्यायच्या. ते मी सांगणार नाही. ते डॉक्टरांना विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे. पेडण्याहून म्हापसा, पणजी करीत बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेपर्यंत जाण्यात रोग्याबरोबरच्या माणसाचा दिवस मोडतो. पुढच्या तारखेला जाणे टळते, मग त्यापुढच्या. तेथून परतलेल्या माणसाच्या घरी आठ-पंधरा दिवसांनी एखादा शिकलेला मुलगा वा मुलगी डोकावली आणि गोळ्यांची पट्टी पाहून गेली, हा त्या तीन ठिकाणच्या प्रयोगातल्या कामाचा एक भाग होता. ते करणाऱ्यांना महिन्याभराहून थोडे अधिक प्रशिक्षण पुरले होते.