एलएसडी आणि मद्यासक्तीवरील उपचार

मद्यासक्ती सोडविण्यासाठी एलएसडी या भ्रमजनक द्रव्याचा पद्धतशीर वापर १९५०च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात झाला. हम्फ्री ऑस्मंड व एब्रम हॉफर हे मानसोपचारतज्ज्ञ त्याचे प्रवर्तक होत. दारू एकाएकी बंद झाल्यावर कंप व भास यांनी ग्रासलेले काही मद्यपी त्या धास्तीनेच व्यसन सोडतात; तसाच भयप्रद अनुभव एलएसडीने घडवावा, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक रुग्णांनी भीतीऐवजी आत्मपरीक्षणाचा अनुभव सांगितला. साहजिकच शांत खोली, संगीत व विश्वासू सोबत यांना महत्त्व आले. ‘सायकेडेलिक’ म्हणजे मन प्रकट करणारे, हा शब्दही ऑस्मंड यांचाच.

टोरांटोतील संशोधकांनी मात्र परिसराचा प्रभाव वगळण्यासाठी रुग्णांना पलंगाशी पट्ट्यांनी जखडून एलएसडी दिले. त्यांना विशेष लाभ आढळला नाही. बांधलेल्या माणसाला आत्मपरीक्षण कसे सुचावे, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

नॉर्वेतील संशोधकांनी २०१२ मध्ये सहा जुन्या चाचण्यांतील ५३६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के, तर तुलनागटातील ३८ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता. वर्षअखेरीस तो ठळक राहिला नाही.