छोट्या वर्कशॉपसाठी सायबर सुरक्षा: सुरुवात बॅकअपपासून करा

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सायबर सुरक्षेचा विषय काढला की मला हमखास ऐकू येतं, “आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?”

पण रॅन्समवेअर हा व्हायरस तुमच्या फाइल्सना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. टॅलीचा डेटा, पार्टची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम एका सकाळी उघडेनासे होतात. हा डेटा हल्लेखोराच्या कामाचा नसेल, पण तुमचं त्यावाचून अडतं. त्याला तेवढंच पुरतं.

आपल्याकडेही हे घडलंय. फेब्रुवारी 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर असाच हल्ला झाला होता.

एक पुरवठादार, 14 कारखाने

1 मार्च 2022 रोजी टोयोटाने जपानमधले 14 कारखाने बंद ठेवले. हल्ला झाला होता तो कोजिमा या पार्ट पुरवणाऱ्या कंपनीवर. चाकणमध्येही साठा कमी ठेवून पार्ट वेळेवर मागवतात. तुमची डिलिव्हरी चुकली, तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते.

आधी काय कराल?

1. बॅकअप: बऱ्याच ठिकाणी बॅकअपची हार्डडिस्क कायम कॉम्प्युटरला जोडलेली असते. रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. दोन डिस्क घ्या, आलटून-पालटून वापरा आणि कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरंच उघडतो का, ते बघा.

2. अपडेट: मे 2017 मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. मशीनला जुनं विंडोजच लागत असेल, तर तो कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडा.

3. ईमेल: टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. “आमचं बँक खातं बदललंय” असा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर विचारा, मगच पैसे पाठवा.

हल्ला झालाच तर?

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि बॅकअपची डिस्क अजिबात जोडू नका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. केंद्र सरकारच्या सर्ट-इनला 6 तासांत कळवण्याचा नियम 2022 पासून आहे.

यातल्या पहिल्या कामाला फक्त दोन डिस्क लागतात. गुरुवारी सुट्टी असेल, तर बुधवारी संध्याकाळी शटर ओढण्याआधी कॉपी काढा.