औषधाइतकाच ओळखीचा शब्द

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीच्या परिसरात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. जवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी अनेक भाषांत पदे रचली, ती याच मातीत. हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो आणि त्या वाटेने येथील कर्ती माणसे पोटासाठी परमुलखात जातात. त्यांतील एखाद्याच्या पदरी एचआयव्हीची बाधा येते, तेव्हा त्याचे दुःख दुहेरी असते. व्याधी परगावी कळते आणि लाज मात्र गावाकडची वाटते.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रासेत झाली. त्या काळी हाती औषध नव्हते. आज ती स्थिती नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. औषध नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतल्यास बाळास होणारी लागण शेकडा पाचांच्या खाली आणता येते.

मग उपचार मध्येच का तुटतो? गोळी असते, परंतु मन मोकळे करावे असा माणूस नसतो. मुंबईच्या खोलीत दहा जणांत डबी लपवावी लागते. दिवाळीला किंवा येळवशीला गावी यावे, तर गोळ्या पुरत नाहीत. म्हणून समुपदेशकाने केवळ सूचनांचा कागद हाती देणे पुरेसे नाही. पाळी दिवसाची की रात्रीची, उपवास कोणते, गावी जाणे केव्हा, घरात प्रथम कोणास सांगावे, हे सारे त्याने रुग्णाच्या बोलीत विचारले पाहिजे. प्रवासापूर्वी जादा गोळ्या मागून घेणे, कामाचे गाव बदलल्यास आपल्या केंद्राकडून नव्या केंद्राच्या नावे बदलीचा कागद घेणे, हेही त्यानेच समजावून द्यावे.

या कामाचा वस्तुपाठ सांगलीने घातला आहे. तेथे १९९२ साली ‘संग्राम’ संस्था उभी राहिली. कर्नाटकातून आलेल्या अनेक वेश्याव्यवसायी स्त्रिया तेथे होत्या. त्यांच्यातीलच स्त्रियांनी आपल्या मैत्रिणींना आरोग्याची माहिती दिली आणि १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभारली. बाहेरच्याचा उपदेश जिथे अडतो, तिथे आपल्या माणसाचा शब्द पोहोचतो, हे त्यांनी दाखवून दिले.

कायदाही आता पाठीशी आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून चाचणी करणे, रुग्णाची माहिती फोडणे, नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारणे, यांस त्याने मनाई केली आहे.

परंतु कायदा स्वयंपाकघरात येत नाही. तिथे ताटवाटी वेगळी काढायची की नाही, हे आपणच ठरवतो. एकत्र जेवल्याने, स्पर्शाने किंवा एकाच नळाच्या पाण्याने हा रोग पसरत नाही. परगावाहून आलेल्या भावाला अथवा वहिनीला आधी पंगतीत बसवावे, गोळीची आठवण हळूच करावी आणि गरज पडल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक सांगावा. एवढे तर प्रत्येक घराच्या हातचे आहे.