मंगळवेढ्याची म्हणून घेतलेली ज्वारी

सुगी झाली की वर्षाची ज्वारी भरून ठेवायची, ही आमच्या सोलापूरकडची रीत. यंदा शाळेच्या पेपर तपासणीत मंगळवेढ्याला निरोप धाडायचा राहिला, आणि यांनी दुकानातून पोतं आणलं. "अस्सल मंगळवेढ्याची" असं दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे! पहिलीच भाकरी परातीत चिरली. उकळतं पाणी घेतलं, पीठ मळमळ मळलं, तरी काठ फुटायचेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिठाला विरीच नाही. तुझ्या हाताचा दोष नव्हे."

पुढच्या रविवारी मंगळवेढ्याला मावससासूबाईंकडे गेले. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं लोकांना खुली केल्याची कथा आपण ऐकतो, ते हेच गाव. तिथली जमीन काळीभोर नि खोल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते, पाटाचं पाणी लागत नाही.

२०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सोलापुरी चादरीला आहे ना, तसंच. म्हणजे त्या भागात पिकलेल्या ज्वारीलाच ते नाव लावता येतं, आणि शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. मला वाटलं, मग भाव आपोआप मिळत असेल.

"कुठला आपोआप, वहिनी?" भावजी हसले. "एकट्यानं चार पोती अडतीवर नेली, की ती दुसऱ्या ढिगात मिसळली. नाव तिथंच संपलं." म्हणून गावातल्या काही शेतकऱ्यांनी गट केला आहे. ज्वारी एकत्र करायची, चाळून, निवडून, पिशवीवर गावाचं नाव घालून विकायची. निवडायचं काम अर्थातच बायकांकडे! पण त्याची मजुरी गट वेगळी देतो, हे मला फार आवडलं. तरी काढणीला माणसं मिळत नाहीत, बैल कमी झाले तसा घरचा कडबाही पडून राहतो. मावशींकडे पूर्वी सहा एकर मालदांडी असायची, आता दोन. बाकी रानात ऊस.

मैत्रिणींनो, पोतं घेण्याआधी शेरभर ज्वारी मागून घ्या, दळा आणि एक भाकरी थापून बघा. "मंगळवेढ्याची" म्हणाला तर कुणाच्या रानातली, पिशवीवर उत्पादकाचं नाव आहे का, तेही विचारा. लाजायचं काय त्यात? घरी आणल्यावर कडक ऊन द्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. दुकानातल्या त्या पोत्याचे मी धपाटे करते आहे. कणीक आणि बेसन मिसळलं की थापायला त्रास होत नाही.

निघताना मावशी पैसे घेईनात. मी गटाच्या भावानं मोजून भावजींच्या हातात दिले. यांना तो भाव जरा चढाच वाटला. रात्री तिसरी भाकरी मागताना मात्र काही बोलले नाहीत.