मातीखालचं पेट्रोल (लेखांक ९) : उसाचं इथेनॉल आणि किल्लारीचा बोअर

एमटीबीईला, म्हणजे अमेरिकेत पेट्रोलात मिसळल्या गेलेल्या रसायनाला, गेल्या आठवड्यात आपण त्याच्या विघटनातून बनणाऱ्या टीबीएपर्यंत आणून सोडलं होतं. त्याची पुढची वाट आज सांगायची होती. ती आठवडाभर लांबवतो, कारण किल्लारीच्या एका ऊस उत्पादक वाचकांनी विचारलेला प्रश्न मला बाजूला ठेवता येईना.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सर, तुम्ही अमेरिकेतल्या एमटीबीईवर लिहिताय. पण आमच्याकडं पेट्रोलात इथेनॉल येतंय, आणि तेही आमच्याच उसाचं. उद्या एखाद्या पंपाची जमिनीतली टाकी गळाली, तर जिवाणू हे इथेनॉल खातील ना? आणि खाल्लं, तर शेजारचा बोअर सुटला म्हणायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘नाही’. या दोन उत्तरांच्या मधे जे घडतं, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

आधी ‘हो’कडं पाहू. एमटीबीई फोडायला पीएम-१सारखा दुर्मीळ जिवाणू लागतो, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. इथेनॉलचं तसं नाही. दोन कार्बनचा साधा रेणू. त्याचं आधी अॅसिटाल्डिहाइड, मग अॅसिटेट होतं, आणि अॅसिटेट म्हणजे बहुतेक जिवाणूंचं रोजचं खाणं. ते पचवणारे जिवाणू चिमूटभर काळ्या मातीतही सापडतील. म्हणून १९९६मध्ये एमटीबीईमुळं सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, तशी वेळ एकट्या इथेनॉलमुळं येईल असं मला वाटत नाही.

आता ‘नाही’. इथं थोडा हिशेब करावा लागेल. २० टक्के इथेनॉलचं १ लिटर पेट्रोल जमिनीत मुरलं असं धरा. त्यात २०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५८ ग्रॅम इथेनॉल. पाण्याशी गाठ पडताच ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. ते पुरतं जाळायला जिवाणूंना सुमारे ३३० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या तापमानाला हवेशी चांगला संपर्क असलेल्या पाण्यातही लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे हे इथेनॉल संपवायला साधारण ४१,००० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडणार. दहा हजार लिटरचे चार टँकर, केवळ एका लिटर पेट्रोलापायी!

ऑक्सिजन संपला की जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटकडं वळतात, मग मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांकडं, मग सल्फेटकडं, आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. पाण्यावर याच्या खुणा दिसतात. उपसताना नितळ दिसणारं पाणी बादलीत तासभर ठेवलं की तांबूस होतं, कारण विरघळलेलं लोह हवेत गंजतं. सल्फेटची पाळी आली असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. अर्थात पाणी तांबूस व्हायला दुसरीही कारणं असतात. पण पंप जवळ असेल आणि हा बदल नव्यानं दिसू लागला असेल, तर तपासणी करून घ्यावीच.

या सगळ्यात पेट्रोलातल्या विषारी बेन्झीनचं काय होतं? खरं दुखणं तिथं आहे. ऑक्सिजन असेल तर बेन्झीन फोडणारे जिवाणू पुष्कळ आहेत, आणि ते बऱ्यापैकी वेगानं काम करतात. ऑक्सिजन नसेल तर तेच काम अतिशय रेंगाळतं. पंगतीत आधी जिलबी वाढली की भाकरीला हात लागत नाही, तसं इथं होतं : जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात ऑक्सिजनही संपवतात आणि बेन्झीन पाण्याबरोबर पुढं पुढं जात राहतं. एरवी जिथं ते विरून गेलं असतं, त्याच्या पलीकडच्या विहिरीपर्यंत ते पोचू शकतं.

हे प्रत्यक्ष जमिनीत पाहिलं गेलं आहे. ब्राझीलमध्ये उसाचं इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याची रीत आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. तिथल्या फ्लोरिआनोपोलिसमधल्या सांता कातारिना विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८मध्ये आपल्या प्रायोगिक शेतात २४ टक्के इथेनॉलचं १०० लिटर पेट्रोल मुद्दाम जमिनीत सोडलं, आणि वर्षानुवर्षं भूजलाचे नमुने घेतले. इथेनॉल होतं तोवर बेन्झीन रेंगाळलं. इथेनॉल संपल्यावर मात्र दूषित पाण्याचा पट्टा आक्रसू लागला. म्हणजे निसर्ग काम करतो, फक्त त्याला वर्षं लागतात.

पण ती जमीन वाळूची होती. किल्लारी काळ्या पाषाणावर वसलेली आहे, आणि माझी काळजी तिथं वाढते. १९९३च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे निघाले : लाव्हाच्या थरावर थर. अशा थरांत वर मुरूम, मग कुठं मांजऱ्या खडक, कुठं कठीण पाषाण, कुठं तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी खेळतं ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. वाळूत पाणी हळूहळू झिरपतं, आणि प्रत्येक कणावर जिवाणूंना बसायला जागा असते. भेगेत पाणी झपाट्यानं धावतं आणि बसायला फक्त दोन भिंती. खाणारे कमी आणि खायला वेळही कमी.

त्यातही एक गोष्ट आपण स्वतः केलेली आहे. बोअरला केसिंग असतं ते वरच्या मुरमापुरतं. खाली उघडा खडक. वरच्या भेगेतलं दूषित पाणी त्या उघड्या भोकातून थेट खालच्या भेगांत उतरतं. एरवी ज्या पाण्याला तिथवर झिरपायला किती काळ लागला असता, त्याला आपण सरळ रस्ता करून दिला. पंपाजवळचा बंद पडलेला बोअर म्हणूनच नुसता दगड ठेवून सोडू नये, तो नीट बुजवावा. चालू बोअरच्या केसिंगभोवतीची पोकळी सिमेंटनं भरून घ्यावी.

या विषयाची आणखी एक दोरी मला मिरजेला नेऊन बांधते. २००१मध्ये देशात ५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर विकायला सुरुवात झाली, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांत दोन महाराष्ट्रातली होती, मनमाड आणि मिरज. आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तीही मिरजेहून, १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन. आता हा आकडा पाहा. पेट्रोलात बेन्झीन १ टक्क्यापर्यंत चालतं. तेवढं असेल तर १ लिटरमध्ये पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका लिटर पेट्रोलातलं बेन्झीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. त्या पहिल्या गाडीनं आणलेल्या पाण्यापेक्षा हे किती जास्त!

म्हणून किल्लारीच्या वाचकांना माझं सांगणं असं. उसाच्या इथेनॉलला दोष देऊ नका, त्यानं बाकी बरंच भलं होतं. दोष आहे तो गळतीचा, आणि गळती पकडता येते. पंपावर रोज सकाळी टाकीत पट्टी सोडून डिप घेतात, टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात. त्या डिपचा विक्रीशी ताळमेळ दिवसेंदिवस एकाच दिशेनं चुकत असेल, तर उन्हातल्या वाफेवर ढकलून गप्प बसू नये. आणि पंपाच्या आसपासच्या बोअरचं पाणी तपासायला देताना क्षार आणि नायट्रेटवर भागवू नका. बेन्झीनची तपासणी वेगळी मागा, तीही त्यासाठी सोय असलेल्या प्रयोगशाळेत. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बेन्झीन उडून जातं, आणि अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली खोटा दिलासा देते.

पुढच्या आठवड्यात टीबीए नक्की. त्याच्याबरोबरच ऑक्सिजन संपलेल्या भूजलात पुन्हा हवा कशी भरतात तेही पाहू. बेसॉल्टच्या भेगांत ते वाळूइतकं सोपं नाही, आणि किल्लारीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर त्यातच आहे.